कानाची पाळी

दिवसभर मी माणसांना हात लावते. कुणाच्या पोटाला, कुणाच्या पाठीला, कुणाच्या तापलेल्या कपाळाला. इतकी वर्षं हाच उद्योग. पण मला कोण हात लावतं? आमचे हे गेल्यापासून कुणी नाही. फार तर एसटीत कंडक्टरचा कोपर लागतो, आणि तोही बिचारा घाबरून "चुकलंय हां बाय" म्हणत बाजूला होतो.

माझं माहेर घाटावरचं. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडले, लग्न झालं आणि मालवणातून देवबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या घरात आले. नवरा हायस्कुलात गणिताचा मास्तर. घराच्या पुढच्या पडवीत मी दवाखाना थाटला. आसपासची निम्मी पोरं माझ्या हातांवर जन्मली, आमच्या घरात मात्र पाळणा हलला नाही. त्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं, पण आम्ही दोघं होतो. जेवताना हे मला दिवसभराचे पेशंट सांगायला लावायचे आणि मधूनच विचारायचे, "आणि डॉक्टरांची तब्येत?" मी म्हणायची, "जेवा गुपचूप." आता वाटतं, तो प्रश्न विचारणारं जगात ते एकच माणूस होतं. काही पावसाळ्यांमागे ते गेले. तेव्हापासून जेवताना रेडिओ लावते.

गाव वाईट नाही. गाव मला फार मान देतं. "डॉक्टरीणबाय" म्हणून रस्त्यात स्कूटर थांबवतात. पण माझं तोंड तिखट. औषध अर्धवट सोडलं, बाळाला मध चाटवला, साप चावल्यावर आधी देवळात नेलं, की मी कुणाच्या बापाची भीड ठेवत नाही. त्यामुळे मान आहे, आणि मान दिलेल्या माणसाच्या शेजारी येऊन कुणी बसत नाही. शेवग्याच्या शेंगा, काजूगर, पहिला आंबा, सगळं दारात येतं. देणारा उंबऱ्याबाहेरूनच परत जातो.

एकटं राहिलं की माणूस आळसावतं, हा माझा स्वतःचा शोध. बोलायला कुणी नाही तर आवाज बारीक होतो. हसायला कुणी नाही तर चेहरा विसरतो. माझ्याकडे कामाला येणारी बाई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "बाय, तुमी हल्ली हसनास नाय." मी म्हटलं, "हसण्यासारखं काय केलंस तू? आधी ती कढई नीट घास." डावा खांदा आखडला होता, त्यावर मी माझं मीच निदान केलं, या वयाचा नेहमीचा आखडलेला खांदा, आणि भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम सुरू केला. ब्लाउजचे हुक लावायला वेळ लागायचा, तर शिंप्याला झापलं. वास तर कोरोनापासून येईनासा झाला होता. एकदा बांगडे घेतले, साफ केले, आमटी टाकली, आणि मांजर ताटलीजवळ येऊन माझ्याकडे बघून परत गेलं. दुसऱ्या दिवशी मासेवालीला धरलं. ती म्हणाली, "अगो बाय माझे, ते काल संध्याकाळचे उरलेले, मांजराक म्हणान दिलंय! तुमका वास येणा नाय काय?" मला वाटलं, चालायचंच. म्हातारपण म्हणजे एकेक दुकान बंद होत जाणं.

अशात एका सकाळी फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज, "काय गं भवाने, जिवंत आहेस?"

इतक्या वर्षांनी मला भवानी म्हणणारं माणूस एकच असू शकत होतं. हॉस्टेलची माझी रूममेट. झालं होतं ते असं, की हॉस्टेलवरच्या आमच्या चौघींच्या टोळीपैकी एक नाशिकला डोळ्यांची डॉक्टर. आमच्या गावचा एक नोकरदार तिच्याकडे मोतीबिंदू काढायला गेला आणि बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावातपण तुमच्याच कॉलेजची एक डॉक्टरीण आहे, हुशार आहे, पण भारी तापट. तापट म्हटल्यावर डोळेवालीने ओळखलं. तिने ते पुण्याला रूममेटला कळवलं, रूममेटने नागपूरला भूलवालीला कळवलं. भूलवाली म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी. लगेच चौघींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. सकाळी फुलं, दुपारी नातवंडं, संध्याकाळी गुडघे. मी चिडचिड करायची आणि फोन उशाशी घेऊन झोपायची. खोटं कशाला बोलू, दुपारी वीज गेली आणि फोनची बॅटरी संपत आली की माझा जीव वर-खाली व्हायचा.

आमच्या चौघींचा कॉलेजात एक खेळ होता. ओपीडीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिच्या पायरीवर बसायचं आणि आत जाणाऱ्या माणसाची चाल, रंग, डोळे बघून रोग ओळखायचा. परीक्षेत असतंच तसं. आम्ही त्याचा खेळ केला. सुरुवातीला तोंडाने सांगायचो. एकदा डोळेवालीने मोठ्याने रोगाचं नाव घेतलं. त्या माणसाची बायको वळली, आमच्यापाशी आली आणि पदर सावरत म्हणाली, "काय म्हणालात ताई? वाईट असतंय का ते?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. आम्ही काहीबाही सांगितलं आणि पळालो. त्या दिवसापासून नियम केला. ओळखलं की तोंड उघडायचं नाही. आपल्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची, बस. दुसरीला कळलं की तिने धरायची. चौघींनी धरली की उठायचं, मेसमध्ये जायचं आणि दार लावून मग बोलायचं. शेवटच्या वर्षापर्यंत ती सवय इतकी अंगात मुरली की वॉर्डात राउंडच्या वेळीही आमचे हात कानाला जायचे. एका सरांना वाटलं होतं, या पोरींना कानाचं इन्फेक्शन आहे.

ग्रुपवर ठरलं की हिवाळ्यात तिघींनी माझ्याकडे यायचं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घर आतून बाहेरून झाडून घेतलं. गाद्यांना ऊन दाखवलं, नव्या चादरी आणल्या, बंद असलेल्या खोलीचं दार रंगवलं. कामाची बाई म्हणाली, "लगीन ठरला काय गो कोणाचा?" मी म्हटलं, "माझं." आणि मग डोळेवालीचा मेसेज आला, की आम्ही देवबागला होमस्टे बुक केलाय, तुला उगाच त्रास नको. त्रास! त्या मेसेजवर मी अंगठ्याचं चित्र टाकलं, गाद्या परत गुंडाळल्या आणि पडवीत बसून रडले. दवाखान्यात एक पेशंट येऊन उभा राहिला होता, त्याला वाटलं कुणी गेलं.

मला त्यांच्याकडून काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मौज नको होती, आठवणीही नको होत्या. कुणीतरी माझ्याकडे नीट बघावं, एवढंच हवं होतं. डॉक्टरीणबाय म्हणून नव्हे. मास्तरांची विधवा म्हणूनही नव्हे. मला, जशी आहे तशी. गावातल्या कुणाची ती टाप नव्हती. या तिघींची होती.

आल्या त्या एकदम भर दुपारी, गाडीतूनच ओरडत. डोळेवाली जाड झालेली, भूलवाली पार वाळलेली, रूममेट तशीच, फक्त केस पांढरे. मिठ्या मारल्या. मी काहीतरी खोचक बोलले, काय ते आठवत नाही. रूममेटने मला खांद्यांना धरून जरा लांब केलं आणि बघत राहिली. "काय बघतेस?" "काही नाही. हसत नाहीस का गं?" "हसतेय की!" मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की मी हसतेय.

सकाळपासून स्वयंपाक चालला होता. तिरफळ घातलेली बांगड्यांची आमटी, या खेपेला ताज्या बांगड्यांची, सोलकढी, भात. गप्पांत रूममेट नाक वर करून म्हणाली, "काहीतरी करपतंय."

"काही करपत नाही. पुण्याचं नाक आहे तुझं."

ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाताचं पातेलं होतं, तळ काळाकुट्ट. डोळेवाली म्हणाली, घरभर वास आलाय गं, तुला नाही आला? मी म्हटलं, कोरोनाने नेला माझा वास, काय नेलं नाही त्याने? वरचा भात रूममेटने अलगद दुसऱ्या भांड्यात काढला.

जेवताना आम्ही मेलेल्यांची उजळणी केली, मग कॉलेजातल्या सरांची, मग सुनांची. भूलवाली घटस्फोटाबद्दल बोलली, पहिल्यांदाच एवढं. डोळेवालीला दोनदा कॅन्सर होऊन गेला होता आणि ते तिने लोणचं मागावं तसं सांगितलं. मग भूलवालीने मला विचारलं, "आणि तुझी तब्येत?"

"ठणठणीत," मी म्हटलं. "खांदा तेवढा आखडलाय."

"डावा?" रूममेटने विचारलं.

"डावा."

"हं," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

डॉक्टरांचं एक असतं. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला खोदून विचारत नाही. आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर त्याला माहीतच असणार, औषध चालूच असणार, असं धरून चालायचं. मी जन्मभर तसंच वागले. तालुक्यातल्या एका डॉक्टरचे डोळे पिवळे दिसत होते, तरी मी त्याच्याशी आंब्याच्या मोहोरावर बोलून घरी आले आहे. ते असभ्य वाटतं. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं.

संध्याकाळी देवबागेच्या किनाऱ्यावर गेलो. वारा सुटला होता. मला थंडी वाजते म्हणून भूलवालीने तिची मरून शाल माझ्या अंगावर टाकली, डोक्यावरूनच. होमस्टेचा मालक बरोबर होता. पाहुण्यांचे व्हिडिओ काढून त्यावर गाणं चढवून द्यायची त्याला हौस. समोर रापण ओढत होते. लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावर खेचत होती, पर्यटक मधेमधे लुडबुडत होते. मला वाटलं, या बायांना सगळं मी दाखवायला पाहिजे, म्हणून मी पुढे चालू लागले. "चला गं, जाळं वर यायच्या आत!" त्या मागे रेंगाळत होत्या. मी वळून ओरडले, "पाय दुखतात का म्हातारे?"

मग रूममेट झपाझप पुढे आली आणि तिने माझा डावा हात धरला.

कसा धरला ते सांगते, कारण ते मला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. आधी मनगट. मग कोपर जरा वाकवला, सरळ केला, परत वाकवला, लहान पोराचा हात झुलवतात तसा. "व्यायाम करतेस ना?" "करते गं." मग तिची बोटं माझ्या बोटांत. हॉस्टेलवर आम्ही अशाच चालायचो, सिनेमाहून येताना, परीक्षेला जाताना. तिचा हात गरम होता. माझ्या हातात माणसाचा हात होता आणि मला त्याची नाडी बघायची नव्हती, ताप बघायचा नव्हता, काहीच करायचं नव्हतं. मला रडू आलं. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. "बरं," ती म्हणाली.

आम्ही दोघी तशाच खाडी आणि समुद्र मिळतात तिथपर्यंत चालत गेलो, हातात हात. जाळं वर आलं, लोकांनी आरडाओरडा केला, मी मागे वळूनही बघितलं नाही. तिला मी सगळं सांगितलं. हे शेवटी कसे गेले, त्यांच्या चष्म्याचं मी काय केलं, रेडिओचं, गाद्यांचंसुद्धा. ती ऐकत होती. मनात म्हटलं, झालं बाई तुझं काम. हिने बघितलं तुला.

दुसऱ्या दिवशी निघताना तिघीही जरा गप्प होत्या. मला बरं वाटलं, म्हटलं यांनाही जड जातंय. गाडीत बसता बसता रूममेट म्हणाली, "तू पुण्याला ये. लवकर ये. माझ्या ओळखीचा एक चांगला माणूस आहे, त्याला खांदा दाखवू."

"खांद्यासाठी पुण्याला? वेड लागलंय का तुला? भिंत इथे पण आहे."

"ये गं," ती म्हणाली. डोळेवालीने तिच्याकडे बघितलं. मग गाडी गेली.

माणसं येऊन गेलेलं घर माणसं न आलेल्या घरापेक्षा वाईट. चार दिवस मी कपसुद्धा जागेवर ठेवले नाहीत. भूलवाली शाल विसरून गेली होती, ती पडवीत खुर्चीवर तशीच राहू दिली. पेशंट तपासताना मध्येच माझा डावा हात मला जाणवायचा. काय वेडेपणा म्हणा, पण आंघोळीला जाताना वाटायचं, थांबावं जरा.

मग ग्रुपवर व्हिडिओ आला. होमस्टेवाल्याने डोळेवालीला पाठवला आणि तिने न बघताच पुढे ढकलला, हे नंतर कळलं. दुपारची वेळ. पेशंट संपले होते, चहा समोर होता. गाण्याचा आवाज बंद केला आणि बघायला लागले.

लांबून काढलेला. समुद्र, रापण, गर्दी. मरून शाल घेतलेली भूलवाली एकटीच पुढे चाललेली, पाठमोरी. तिच्या मागे रूममेट आणि डोळेवाली. मी काही दिसत नव्हते, म्हटलं मी असेन कुठेतरी बाजूला, जाळेवाल्यांना शिकवत. आणि तेवढ्यात रूममेटचा हात वर गेला आणि तिने कानाची पाळी धरली.

मी ओरडलेच. "अगं बाई, खेळताहेत!" इतक्या वर्षांनी! थोडा रागही आला, मला सोडून खेळल्या म्हणून. डोळेवालीने रूममेटकडे बघितलं, मग समोर बघितलं आणि तिचाही हात कानाला गेला. मी व्हिडिओ थांबवला. म्हटलं, दाखवतेच तुम्हाला, मी अजून विसरलेले नाही. पेशंट कोण ते शोधायला लागले. जाळं ओढणारा तो फेंगड्या पायांचा म्हातारा? गुडघे झिजलेत, त्यात कान धरण्यासारखं काय. त्या पर्यटकाचं पोट? ते तर आंधळ्यालाही दिसेल. मग कोण?

मग मी तेवढा तुकडा परत लावला आणि भूलवालीकडे बघितलं. आणि माझा चहा तसाच राहिला.

चाल बघा. पावलं आखूड. डावा पाय वाळूत किंचित घासतोय. उजवा हात नीट झुलतोय, डावा मात्र झुलतच नाही, कोपरात वाकून पोटाशी धरलेला, जणू त्यात पर्स अडकवलीय. जाळ्याकडे वळली तीही सगळी एकदम, लाकडाच्या बाहुलीसारखी. कंपवात. अजून थरथर सुरू झालेली नाही, पण कंपवातच. पुस्तकातला. माझा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला. अरेरे, मनात आलं, बिचारी भूलवाली. आधी तो घटस्फोट आणि आता हे. तिला माहीत असेल का? कुणीतरी सांगायला हवं.

व्हिडिओ पुढे सरकवला. कडेने एक वाळकी बाई आत आली, अंगावर शाल नाही, हातात चपला. ती दोघींपाशी थांबली. तिने पुढे बघितलं आणि सावकाश आपला कान धरला. ती भूलवाली होती.

मरून शाल समोर खुर्चीवर पडलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. स्वतःची पाठ माणूस कधी बघतं? पुढे चालणारी ती बाई वळून काहीतरी ओरडत होती. तिचा चेहरा हलतच नव्हता. मी तर तेव्हा हसत होते.

त्यानंतर तीनही बायांनी हात खाली घेतले. रूममेट झपाझप पुढे गेली आणि तिने त्या बाईचा डावा हात धरला. आधी कान, मग हात.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. हसणं, हुक, बांगड्यांचा वास, खांदा, सगळी कंपवाताचीच लक्षणं माझ्या नाकासमोर होती आणि प्रत्येकावर मी एकटेपणाची, वयाची नाहीतर कोरोनाची चिठ्ठी चिकटवली होती. पण त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटलं नाही. रोगाची भीतीही वाटली नाही. मला संताप आला. मी रूममेटला फोन लावला.

"कान का धरलास?" मी म्हटलं. हॅलो नाही, काही नाही.

ती म्हणाली, "बघितलास तर."

"तिघींनी धरलात! माझ्या पाठीमागे! मेल्यांनो, मी काय ओपीडीच्या फाटकातून चालले होते?"

"सवय गं. हात कधी गेला ते मलाही कळलं नाही. डोळेवालीने धरला तेव्हा लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत? एवढं जेवलात, एवढ्या भटकलात."

"आम्हाला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "तू डॉक्टर आहेस. ठणठणीत म्हणालीस, तेव्हा वाटलं सांगायचं नाहीये. औषध चालू असेल. त्या संध्याकाळी खोलीवर आम्ही तुझ्यावरच बोलत होतो. डोळेवाली म्हणाली, तिला लपवायचंय तर लपवू दे, तेवढा मान ठेवू. भूलवाली रडली."

"मान!" मी म्हटलं. "रस्त्यावरच्या माणसाला सांगितलं असतंत की नाही? पेशंट असता तर?"

"पेशंटला सांगितलं असतं. तू पेशंट थोडीच आहेस."

"आहे की!" मी एवढ्याने ओरडले की कामाची बाई आतून धावत आली. तिला हाताने परत पाठवलं. "आहे मी पेशंट! इथे कुणी मला विचारत नाही, मी डॉक्टर म्हणून. तुम्हीपण नाही विचारलंत, मी डॉक्टर म्हणून. मग मी दाखवायचं कुणाला गं? मांजराला?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत असावी. मला वाईट वाटलं आणि वाटलं, रड.

"पुण्याला ये म्हणालीस ते यासाठीच?"

"यासाठीच. खांदा कसला, बहाणा होता. भीती वाटली, तू चिडशील म्हणून. ये तू. आजच तिकीट काढ. औषध आहे यावर, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणि मग जे विचारायला खरं तर फोन लावला होता ते तोंडातून निघेना. खुर्चीवरची शाल उचलली, परत ठेवली.

"आणि हात?"

"कुठला हात?"

"माझा. वाळूत धरलास तो. तोही..."

तिला खोटं बोलता येत नाही, कधीच यायचं नाही. सरांसमोरही यायचं नाही. "तपासायलाच धरला," ती म्हणाली. "मनगटात आणि कोपरात घट्टपणा आहे का ते बघायला. व्यायामाचं विचारलं ते तुझं लक्ष दुसरीकडे वळवायला. थोड्याच पावलांत कळलं."

"मग संगमापर्यंत कशाला धरून ठेवलास?"

तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"मी नव्हता धरला गं," ती हळूच म्हणाली. "मी केव्हाच सोडला होता. तू सोडत नव्हतीस."